चीनविषयी संसदेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे सरकारवर बंधनकारक असते का?

अंत्रुजकर यांची विचारणा

सर्वांना नमस्कार. फोंड्याच्या वाचनालयात संध्याकाळी वर्तमानपत्र चाळायला जमणाऱ्या आम्हा चार-पाच जणांत एका मुद्द्यावरून बरेच दिवस खडाजंगी चालू आहे. ३ एप्रिल २०२५ रोजी लोकसभेच्या शून्य प्रहरात, म्हणजे खासदारांनी तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेत, विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी चीनच्या प्रश्नावरून सरकारला धारेवर धरले होते. चार हजार चौरस किलोमीटर भूभाग चीनच्या ताब्यात असताना आणि गलवानमध्ये वीस जवान हुतात्मा झालेले असताना आपले परराष्ट्र सचिव चिनी राजदूतांसोबत केक कापतात, असा त्यांचा आक्षेप होता. तो केक दोन्ही देशांच्या राजनैतिक संबंधांना पंचाहत्तर वर्षे झाल्याचा होता. सत्ताधारी बाकांवरून अनुराग ठाकूर यांनी अक्साई चीन कोणाच्या काळात गेला, असे उलट विचारले आणि विषय तेथेच विरला.

आमच्यातील एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात की, शेजारी राष्ट्राविषयी सरकारला भर सभागृहात असे विचारणे म्हणजे घरची लक्तरे वेशीवर टांगणे होय. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, विरोधकांनी विचारायचे नाही तर मग कोणी विचारायचे? माझी शंका या दोन्हींपेक्षा साधी आहे. प्रश्न विचारला गेला, पण उत्तर मिळाले नाही. ते देण्याचे सरकारवर काही बंधन होते का? संसदीय नियमांचे जाणकार कोणी असल्यास कृपया सांगावे.

पर्वरीचा जुना वार्ताहर

अंत्रुजकरबाब, आपल्या शंकेचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे. पर्वरीच्या गोवा विधानसभेत एलएक्यू, म्हणजे आमदाराने विचारलेला प्रश्न, कसा येतो आणि त्यावर मंत्र्यांची कशी तारांबळ उडते, हे आपण गोंयकार दर अधिवेशनात पाहतोच. लोकसभेतही रीत तीच आहे. तारांकित प्रश्नासाठी पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, सोडतीतून रोज वीस प्रश्न निवडले जातात, आणि मंत्र्याने उभे राहून उत्तर दिल्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते आणि तेथे उपप्रश्न नसतो. शून्य प्रहराचा तर कार्यपद्धतीच्या नियमांत उल्लेखही नाही. ती रूढीने पडलेली प्रथा आहे. तेथे केलेले भाषण वृत्तवाहिन्यांवर गाजते, परंतु मंत्र्याने तोंड उघडलेच पाहिजे, असे त्याने काही बांधले जात नाही.

आता मला खरोखर महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. १५ जून २०२० रोजी गलवानची चकमक झाली आणि त्यानंतरचे पहिले अधिवेशन १४ सप्टेंबरला सुरू झाले. साथीचे कारण देऊन त्या अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तासच वगळण्यात आला आणि केवळ लेखी उत्तरे उरली. १५ सप्टेंबरला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी लोकसभेत निवेदन केले की, मे महिन्याच्या मध्यास कोंगका ला, गोगरा आणि पँगाँग सरोवराचा उत्तर काठ अशा ठिकाणी चीनने प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडण्याचे प्रयत्न केले. दुसऱ्याच दिवशी गृहराज्यमंत्री नित्यानंद राय यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले की, गेल्या सहा महिन्यांत भारत-चीन सीमेवर घुसखोरीची नोंद झालेली नाही. त्या उत्तरावर गदारोळ झाला. वास्तविक दोन्ही विधाने आपापल्या जागी टिकतात, कारण प्रश्नात 'घुसखोरी' हा शब्द होता. सरकारी परिभाषेत घुसखोरी ही चोरून आत शिरणाऱ्या अतिरेक्यांची असते. परक्या सैन्याने रेषा ओलांडली, तर त्याला वेगळा शब्द वापरतात. प्रश्नोत्तराचा तास असता, तर पहिल्याच उपप्रश्नाला ही शाब्दिक पळवाट बुजली असती.

जाता जाता एक नोंद: त्या काळात आपले श्रीपादभाऊ नाईक संरक्षण राज्यमंत्री होते आणि त्या खात्याची कित्येक लेखी उत्तरे त्यांच्या नावाने सभागृहात जात. तेव्हा हा विषय दिल्लीचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

मांडवीकाठ

वरील माहितीत थोडी भर घालतो. राहुल गांधी यांनी डिसेंबर २०२२ मध्ये दोन हजार चौरस किलोमीटरचा आकडा सांगितला होता आणि लोकसभेत तोच चार हजार झाला. पहिल्या विधानावरून झालेल्या बदनामीच्या खटल्याला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्थगिती दिली खरी, पण हे संसदेत का मांडत नाही, असेही सुनावणीत विचारले. संसदेत ते मांडून चार महिने झाले होते, ही गंमत वेगळी. मी विरोधी पक्षाचा मतदार आहे, तरीही मला वाटते की, ज्याला सरकारकडून नेमके उत्तर हवे आहे, त्याने आपला आकडा कसा काढला तेही सांगायला हवे.

म्हापशाचा निवृत्त मास्तर

'शेजाऱ्याविषयी उघड विचारू नये' या मताबद्दल लिहितो, कारण हे मत बाळगणारे बहुधा माझ्याच वयाचे असतात. ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस नेहरूंनी चीनने अक्साई चीनमध्ये बांधलेल्या रस्त्याची गोष्ट संसदेत मान्य केली, ती प्रश्नांच्या भडिमारामुळेच. रस्ता १९५७ मध्येच पुरा झालेला होता. त्यानंतर सप्टेंबरपासून चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकांच्या रूपाने छापून सभागृहापुढे ठेवण्यात येऊ लागला. शेजारी राष्ट्राशी वाद धुमसत असताना मूळ खलितेच खासदारांच्या हाती पडत होते, हे आज कोणाला खरे वाटेल? पुढे ऑक्टोबर १९६२ मध्ये युद्ध पेटले, तेव्हा अटलबिहारी वाजपेयी यांनी अधिवेशन तातडीने बोलावण्याची मागणी केली. नेहरूंनी ती मान्य केली आणि ८ नोव्हेंबरला, युद्ध संपलेले नसताना, चर्चा सुरू झाली. बैठक गुप्त घ्यावी, अशी सूचनाही झाली होती. ती नेहरूंनी फेटाळली. त्या चर्चेने युद्ध जिंकले गेले नाही, परंतु संसदेने विचारले म्हणून पराभव झाला, असेही कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

त्या वेळी गोवा मुक्त होऊन पुरते वर्षही झाले नव्हते. पोर्तुगीज अमदानीत लग्नपत्रिका छापायची झाली तरी मजकूर आधी सेन्सॉरकडून तपासून आणावा लागे, असे आमचे वडील सांगत. त्यांनी त्या दिवसांत शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकले की, दिल्लीत खासदार पंतप्रधानांना तोंडावर विचारत आहेत, फौजेला धड गरम कपडे का नव्हते म्हणून. चीनपेक्षा त्यांना नवल वाटले होते ते याचे.

डिचोलीचा बार्जवाला

मास्तरांना नमस्कार. माझा मुद्दा जरा आडवाटेचा आहे. आमच्या भागातील कमी प्रतीचे लोहखनिज देशात कोणी विचारत नव्हते. ते चीनने उचलले आणि त्यावर ट्रक, बार्ज, गॅरेज, हॉटेले सर्व उभे राहिले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्यंतरी थोड्या चालल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. माझा बार्ज कित्येक महिने खाडीत गंजत उभा होता आणि त्याच्या तळाला शिनाण्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, इतका जाड थर बसला होता, की साफ करायला आलेल्या माणसाने आधी मजुरीच दुप्पट सांगितली. म्हणून चीनशी संबंध तोडा, असे कोणी म्हटले की मी ताबडतोब टाळी वाजवत नाही.

तथापि विरोधकांनी खरा जाब विचारावा तो व्यापाराचा. २०२४-२५ मध्ये आपण चीनकडून सुमारे ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि १४ अब्जांचा विकला, म्हणजे तूट सुमारे ९९ अब्जांची. सीमेवर तणातणी असलेल्या पाच वर्षांत ही तूट वाढतच का गेली? केक कोणी कापला, यापेक्षा या प्रश्नावर मंत्र्याला जास्त घाम फुटेल.

अंत्रुजकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल ही चर्चा मी वाचनालयात वाचून दाखवली. लक्तरांचा दाखला देणारे आमचे ज्येष्ठ सदस्य १९५९ च्या श्वेतपत्रिकांचे ऐकून थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "ते दिवस वेगळे होते." त्यावर मी काही बोललो नाही.

मात्र आमचे असे ठरले आहे की, दक्षिण गोव्याचे खासदार कॅप्टन विरियातो फर्नांडिस स्वतः नौदलात होते, तर त्यांना एक अतारांकित प्रश्न सुचवावा. मसुदा असा केला आहे: "एप्रिल २०२० पूर्वी पूर्व लडाखमधील ज्या गस्तबिंदूंपर्यंत भारतीय सैन्य जात असे, त्यांपैकी किती बिंदूंपर्यंत ते आज जाते?" वार्ताहरसाहेबांनी नजर टाकावी.

पर्वरीचा जुना वार्ताहर

चौरस किलोमीटर सोडून गस्तबिंदू धरलेत, हे उत्तम केलेत. लेहच्या पोलीस अधीक्षकांनी जानेवारी २०२३ च्या पोलीस परिषदेसाठी दिलेल्या टिपणात काराकोरम खिंडीपासून चुमारपर्यंत ६५ बिंदू असून त्यांपैकी २६ ठिकाणी आपली उपस्थिती उरली नसल्याचे म्हटले होते. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्व लडाखमधील देपसांग आणि देमचोकबाबत चीनशी समझोता झाला, त्यामुळे आजचा आकडा विचारणे रास्त आहे. गोपनीय बाब म्हणून प्रश्न नाकारला जाण्याचा धोका आहेच. दुसरे म्हणजे "भारतीय सैन्य" एवढेच लिहू नका. तेथे भारत-तिबेट सीमा पोलीसही गस्त घालतात आणि ते गृहखात्याकडे येतात. तेवढ्या फटीतून संरक्षण खाते अलगद निसटेल. "भारतीय सुरक्षा दले" असे करा आणि 'जाते' काढून 'गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष गेली' असे लिहा.