सोनचाफा फुलेना, मदत हवी आहे

फुलेवाडीवाली: दारात सोनचाफा लावलाय, वाढलाय पार खिडकीच्या वर, पानं हिरवीगार पण फूल म्हणून एक नाही. सासूबाई रोज विचारतात. काय घालू? लवकर सांगा.

रंकाळ्याचा बोका: कलमी की बियांचा? ऊन किती? बियांचा असेल तर सात-आठ वर्षं कळ काढा, कलमी वर्ष-दोन वर्षांत फुलतो.

गावठी माळी: आंबट ताक घाला मुळाशी. आमच्यात तेच घालतात, बदाबद फुलं.

फुलेवाडीवाली: कलमीच हो, नर्सरीत त्याला फूल होतं की! ऊन दुपारपर्यंत. युरिया घालते अधनंमधनं, उसाचा उरतो ना.

कागलकर: इथंच घोडं पेंड खातंय. युरियात ४६ टक्के नत्र, नुसता पाला सुटणार. बंद करा आणि साखर कारखान्याची कुजलेली मळी (उसाच्या रसाचा गाळ) शेणखतात मिसळून घाला.

गावठी माळी: कुंडीत मळी घालत्यात व्हय?

कागलकर: कुंडी कुणी काढली भावा? दारात लावलाय म्हणाल्या त्या.

पेठेतली: चाफ्याचं सोप्पंय, फांदी तोडायची, चीक वाळू द्यायचा आणि खोचायची. लगेच जगतो.

कागलकर: ताई तो देवचाफा. इथं सोनचाफा चाललाय.

रंकाळ्याचा बोका: युरियाचं खरंय, पण नर्सरीत फुललेलं झाड आता फुलेना म्हणजे मला वेगळाच संशय येतोय. खोडावर खाली कलमाची गाठ असते, फांद्या तिच्या वरनं फुटल्यात का खालनं ते बघा. खालचा खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात तो, बहुतेक बियांचाच असतो, त्याचा फुटवा माजला की वरचं कलम मरतं आणि आपण खुंटालाच पाणी घालत बसतो.

फुलेवाडीवाली: अगंबाई. दोन्ही मोठ्या फांद्या खालनंच आल्यात. वर काडीसारखं काहीतरी आहे, टोकाला दोन पानं. कापू खालच्या?

कागलकर: दोन्ही उडवा आजच.

रंकाळ्याचा बोका: आजच नको, सगळा पाला गेला तर मुळं काय खाणार. एक आता खोडालगत कापा, दुसरी वरचं जरा फुटल्यावर. नंतर खालनं कोंब आला की नखानंच खुडायचा.

पेठेतली: दारात चाफा असला की साप येतात म्हणे, खरं काय?

गावठी माळी: साप उंदरामागं येतो हो.

रंकाळ्याचा बोका: जमीन काळी असेल तर पावसाच्या आधी बुंध्याला मातीची भर द्या, पाणी तुंबलं की सोनचाफ्याची मुळं कुजतात. आणि कापायच्या आधी गाठीचा फोटो टाका, नाहीतर कलमच कापाल.