रोज चिंचोळी एमआयडीसी, रविवारी तुळजापूर-विजापूर: चारशेची नेकेड घ्यावी का?

जुळेसोलापूरकर

माझं मत आधी मांडतो, मग तुम्ही तुटून पडा. सोलापुरात राहून रोज हायवेने कामाला जाणाऱ्याने चारशे सीसीची नेकेड, म्हणजे पुढे काच आणि फेअरिंगचं आवरण नसलेली मोटरसायकल, घ्यावी. स्पोर्ट्स नको, अ‍ॅडव्हेंचर नको, आणि साडेतीनशेची तर अजिबात नको.

माझा रस्ता जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी. निम्मा शहरातला: आसरा चौक, सात रस्ता, जुना पुणे नाका. निम्मा पुणे हायवेचा, ट्रक आणि ट्रॅव्हल्सच्या मधून. शहरात पाठ ताठ ठेवून बसता यावं, हँडल रुंद असावं, गाडी पटकन वळावी. हायवेला कंटेनर ओलांडताना दम असावा. रविवारी कधी तुळजापूर, कधी नळदुर्गचा किल्ला, फार झालं तर विजापूर, म्हणजे एका बाजूने शंभरेक किलोमीटर.

यादीत तीन: ट्रायम्फ स्पीड ४००, केटीएम ३९० ड्यूक, रॉयल एनफिल्ड गुरिल्ला ४५०. माझा कौल स्पीडला. ४० पीएस ताकद, ३७.५ एनएम ओढ (टॉर्क), सीट बेताच्या उंचीची, आणि सर्व्हिस १६,००० किलोमीटरला एकदा. ड्यूक ४६ पीएसची आहे, वजनालाही हलकी, पण ते वरचे ६ पीएस सात रस्त्याला काढू कुठे? गुरिल्लाची ओढ मस्त, ४० एनएम साडेपाच हजार आरपीएमलाच मिळतो, पण टाकी ११ लिटरची. बोला आता.

कडकभाकरी

आधी खिशाचं बोलू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्याच्या वरच्यांना सेस धरून ३१ पडत होता, तो सरळ ४०. काही कंपन्यांनी सुरुवातीला वाढ स्वतःच्या अंगावर घेतली, पण कुठवर घेणार? आणि विमा बघितलास का? नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच भरावा लागतो. १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, त्याच्या वर गेलं की १५,११७. वर जीएसटी वेगळा. पन्नासेक सीसीसाठी दुप्पट.

एनफिल्डचीच हंटर ३५० घे. २७ एनएम, तोही चार हजार आरपीएमला. सात रस्त्याला तिसऱ्या गिअरवर आरामात निघते. तुझी चारशेची तिथं दुसऱ्यात आणि हाफ क्लचवर. सहा महिन्यांत डावा हात भरून येईल.

वडकबाळ_पूल

कडकभाकरी, शहराचं पटलं. हायवेचं नाही पटलं. हंटर २० पीएसची आहे. नव्वदच्या पुढे ती जाते, पण मग ओलांडायला हातात काही उरत नाही.

ऊसाचे दिवस आठवा. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. एकदा गाळप सुरू झालं की मार्चपर्यंत विजापूर रोडला रात्री काय असतं? ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, आणि ट्रॅक्टरवर स्पीकर एवढा मोठा की हॉर्न मारून उपयोग नाही. समोरच्या लाइटमध्ये आधी उसाची वाढी लोंबताना दिसतात, मग कळतं की ट्रॉली आहे. तिथं ब्रेक चांगले लागतात, आणि बाजूने काढायची तर साठ-सत्तरवरून चटकन सुटणारी गाडी लागते. टॉप स्पीड गेला खड्ड्यात. मधली ओढ महत्त्वाची, आणि ती चारशेत आहे.

कडकभाकरी

रात्री ट्रॉली दिसली की मी मागे राहतो. दोन मिनिटं उशीर. त्याला जास्तीचे वीस पीएस कशाला?

वडकबाळ_पूल

मागे राहतोस, आणि तुझ्या मागून ट्रॅव्हल्स येते तेव्हा?

वर्कशॉपवाला

दोघंही उन्हाचं बोलेनात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, त्यात सिग्नलला उभं राहायचंय.

पेट्रोल जाळून निघालेल्या ताकदीतला पाव ते तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. बाकीची धग. ती कुठेतरी जाणारच. लिक्विड कूल्ड, म्हणजे कूलंटने थंड होणाऱ्या, गाडीत रेडिएटरचा पंखा लागला की ती गरम हवा थेट तुमच्या नडगीवर. म्हणून लोक म्हणतात, "लई तापते." इंजिन तापत नाही, ते स्वतःला नीट थंड ठेवतं. तापतो तो चालवणारा. एअर कूल्ड, म्हणजे वाऱ्याने थंड होणाऱ्या, हंटरचं उलटं: पायाला कमी लागतं, पण गाडी उभी असताना इंजिनावरच्या फिन्सवरून वारा जात नाही, तेल गरम होत राहतं. अर्थात वीस पीएसच्या इंजिनात मुळात धगच कमी.

चारशेवाल्यांनो, साधं काम करा. कूलंटची पातळी महिन्याला बघा आणि रेडिएटरच्या जाळीतली धूळ, किडे ब्रशने काढा. एमआयडीसीची धूळ बसली की पंखा विनाकारण जास्त वेळ फिरतो. प्रेशरचं पाणी अगदी जवळून मारू नका, पट्ट्या वाकतात. चेनही हायवेवाल्यांनी पाचशे किलोमीटरच्या आसपास साफ करून ल्यूब लावावी. आपल्याकडे माणूस कुरकुर ऐकू येईपर्यंत थांबतो.

पार्कचौक_पावभाजी

सायकल घे बे. पोट बघ.

डबलसीट_नाही_मी

सगळे पुरुष पीएस मोजत बसलेत. मी पाच फूट दोन इंच, साडेतीनशेची चालवते. दोन गोष्टी सांगते.

हंटर म्हणजे हलकी हा भ्रम काढून टाका. ती १८१ किलोची आहे. स्पीड ४०० तिच्यापेक्षा किंचित हलकीच. ड्यूक तर १७० च्याही आत. फक्त सीटची उंची बघून ठरवू नका, सीट मांडीजवळ किती रुंद आहे ते बघा. तिथं रुंद असली की पाय जमिनीला पोचत नाहीत. आणि गाडी आमच्या गल्लीच्या उतारावर नाक खाली करून लावली की मागे ओढायला अख्खी कंबर लागते. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर हे कळत नाही.

दुसरं, मागे कोणाला बसवणार आहात का? नेकेड गाड्यांची मागची सीट बघा. तुळजापूरच्या घाटात मागचं माणूस प्रत्येक ब्रेकला तुमच्या पाठीवर येतं. घरच्यांना एकदा बसवून बघा, मग चेक फाडा.

जुळेसोलापूरकर

ताई, मागच्या सीटचा विचारच नव्हता केला. बायको नळदुर्गला येणार म्हणते, नर-मादी धबधबा बघायला, पाऊस झाला की. मुद्दा घेतला.

ट्विनभक्त

एवढा खर्च करतोयस तर अजून थोडा ताण आणि इंटरसेप्टर ६५० घे ना. दोन सिलिंडर, ५२ एनएम. विजापूरपर्यंत गाडी नुसती गुणगुणत जाते. सिंगलचा थरथराट नाही.

डबलसीट_नाही_मी

दोनशे किलोच्या वर आहे ती. उताराचं वर लिहिलंय.

कडकभाकरी

आणि अजून एक, नेकेडवाल्यांनी मनाला विचारावं. पुढे काच नाही, फेअरिंग नाही. शंभरच्या वर गेलं की वारा छातीवर धक्के मारतो, मान आखडते. टाकळीच्या पुलावर भीमेचा आडवा वारा लागला की तर बघायलाच नको. म्हणजे नेकेडवर माणूस दिवसभर चालवणार नव्वद ते शंभरनेच. तेवढं हंटर करते. मग चाळीस टक्के कर कोणत्या वेगासाठी भरायचा?

वडकबाळ_पूल

हा मुद्दा मात्र बरोबर आहे, वाऱ्याचा. पण नव्वदला हंटर कष्ट करते आणि चारशेची चालते, यात फरक आहे. तासाभरानंतर हाताच्या बोटांना कळतो.

वर्कशॉपवाला

सर्व्हिसचं राहिलंच. १६,००० ला एकदा हे वाचायला छान. पण आपल्या धुळीत एअर फिल्टर तेवढा वेळ थांबत नाही, मध्येच उघडून बघा. आणि कुठलाही ब्रँड असो, शोरूमला विचारा: क्लच प्लेट, लिव्हर, आरसा, पुढचा इंडिकेटर इथं स्टॉकला आहे की पुण्याहून मागवणार? एका ओळखीच्याची भारी गाडी नुसत्या क्लच लिव्हरसाठी तीन आठवडे उभी होती. कंपनी कुठली ते सांगत नाही, हे कुठेही होतं.

जुळेसोलापूरकर

वाचलं सगळं. मत चारशेवरच आहे. ट्रॉलीचा मुद्दा मला पटलाय, कडकभाकरीचा हिशेबही पटलाय, पण रोज हायवे मला गाठायचाय, हिशेबाला नाही. ड्यूक मात्र यादीतून गेली, मागच्या सीटमुळे. आता स्पीड आणि गुरिल्ला. दोन्हींची टेस्ट राइड दुपारी तीनला मागणार, सकाळच्या गारव्यात नाही. बायकोला मागे बसवून.

कडकभाकरी

तीनला जातोच आहेस तर परत येताना एनफिल्डच्याच शोरूमला हंटरचीही किल्ली माग. गुरिल्लाच्या शेजारीच उभी असते.

जुळेसोलापूरकर

मागतो. पण कोटेशन नाही घेणार.