फातोर्ड्याला मुंबई सिटीचा सामना: परभणीहून आठ जण, परतीचं कसं करावं?

परभणीकर

नमस्कार मंडळी. आपल्या मुंबई सिटीचा गोव्याविरुद्धचा फुटबॉल सामना बघायला आम्ही आठ जण मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला जायलोत. आपण आपली पहिली इंडियन सुपर लीग फायनल त्याच मैदानात जिंकलो, १३ मार्च २०२१ ला. बिपिन सिंगनं ९० व्या मिनिटाला गोल मारला, पण कोरोनामुळं खुर्च्या रिकाम्या होत्या. मी तो गोल शेतातल्या आखाड्यावर मोबाइलवर बघितला. तेव्हापासून तिथं एकदा बसायचंच, असं मनात आहे.

हैदराबादचा क्लब होता तोवर आपल्याला मुंबईच्या अंधेरीतल्या मैदानापेक्षा त्यांचं गच्चीबावलीचं मैदानच जवळ होतं. सकाळी देवगिरीत बसलं की दुपारी सिकंदराबाद. २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला गेला अन् आपली सोय गेली. गोव्याला रेल्वेनं जावं की क्रूझर करावी? सामना रात्री साडेनऊच्या आसपास सुटतो, मग परत कसं यायचं? आणखी एक. धाकटी बहीण बारावी झाली, कॉलेजच्या संघात खेळती, तिलाबी यायचंय. वडील नको म्हणायलेत.

नांदेडचा उजवा बॅक

भाऊ, मी २४ एप्रिल २०२४ ला फातोर्ड्याला होतो. सेमीफायनलचा पहिला सामना. आम्ही नऊ जण गाडी करून गेलो होतो, लातूर-सोलापूर-कोल्हापूर करत आंबोली घाटानं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी सगळं घरून. जाताना लई मजा आली, त्यावर जास्त लिहीत नाही.

गाडीवाल्याला दुसऱ्या दिवशी दुपारी निवडणुकीचं भाडं होतं. शुक्रवारी नांदेड-परभणी-हिंगोलीत मतदान होतं, तुम्हाला आठवत असेल. तो सारखा फोन करायला, सव्वानऊला निघा म्हणून. आपण २-० नं मागे. ८५ वं मिनिट झालं तसा आमच्यातला एक जण उठला. गाडी त्यानंच ठरवली होती, म्हणून जबाबदारी त्याची. म्हणला, मी गाडी काढून ठेवतो, तुम्ही या मागून.

९० व्या मिनिटाला छांगते. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप. ९६ व्याला परत छांगते. २-३! आम्ही एका कोपऱ्यात मूठभर होतो, मुंबईच्या चाहत्यांच्या वेस्ट कोस्ट ब्रिगेडची पोरं अन् आम्ही, कोण कुणाच्या गळ्यात पडलं कळलं नाही. बाहेर आलो तर तो गाडीजवळ उभा. त्याला काहीच माहीत नव्हतं. घरच्या संघानं गोल केला की अख्खं स्टेडियम गर्जतं, बाहेरच्याला कळतं. पाहुण्यांनी केला की ते गप्प होतं, अन् गप्प झालेलं बाहेर ऐकू येत नाही. कोल्हापूर येईपर्यंत तो काही बोलला नाही. आम्हीबी मग गोलांचा विषय काढला नाही.

म्हणून सांगतो, क्रूझर कराच, पण रात्रीचा मुक्काम मडगावात अन् भाडं दोन दिवसांचं बोला. पैसे जास्त जातील, जाऊ द्या. शेवटची शिट्टी वाजायच्या आधी कुणाला उठावं लागेल असा बेत करू नका.

जालन्याची गाडी

रेल्वेनं जाणार असाल तर ठाणे लक्षात ठेवा. तपोवन रात्री मुंबईला पोचते, त्याच रात्री कोकणकन्या निघते. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, ठाण्यालाच उतरा; कोकणकन्या तिथं थांबते, तपोवनला उशीर झाला तरी हाताशी वेळ राहतो. येताना सकाळची मांडवी मडगावहून धरा, रात्री नऊच्या सुमारास ठाणे, अन् मागून देवगिरी येतेच. सकाळी परभणी. पावसाळी वेळापत्रकात मात्र कोकणातल्या गाड्या हळू चालतात, तेव्हा हे जमत नाही. एका तिकिटावर सहाच जण बसतात, तुम्हाला दोन काढावी लागतील.

गोदाकाठची गोलकीपर

दादा, बहिणीला न्या. मी अंधेरीला दोनदा गेले, पुण्यात बालेवाडीलाही गेले. पहिल्यांदा माझे वडीलसुद्धा नको म्हणाले होते. मी त्यांना म्हणाले, तुम्हीच चला. ते आले, मागच्या रांगेत बसले, मध्यांतरात शेजारच्या पोराला ऑफसाइड म्हणजे काय विचारायले.

तिकीट पाहुण्यांच्याच स्टँडचं घ्या. मुंबईची जर्सी घालून यजमानांच्या स्टँडमध्ये तिला बसवू नका. स्टेडियमपर्यंत जर्सीवर साधा शर्ट असू द्या. पॉवर बँक अन् पाण्याची बाटली गेटवर काढून घेतात, लॉजवरच ठेवा. मुक्कामाला दोन खोल्या घ्या आणि अजून एखादी मुलगी सोबत असली तर बघा. एकटीला गप्प गप्प वाटतं, मला वाटलं होतं.

परभणीकर

सगळ्यांचे आभार. रेल्वेनंच जायचं ठरवलं, ठाण्याला उतरून. दोन रात्री मडगावात. उजव्या बॅक दादा, तुमचं लिहिलेलं वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, त्या पोराला पुन्हा नेलं का नाही कुणी?

ताई, बहीण अन् तिची मैत्रीण, दोघी यायल्यात. वडिलांचंबी तिकीट काढायलोय. म्हणजे आता अकरा.

नांदेडचा उजवा बॅक

काकांना सांगा, या वेळी तो आमच्यासोबत आहे. गाडी मी ठरवलीय.