पुस्तकी हुशारी आणि कामाची अक्कल: शिकाऊ मुलांना दुसरी कशी शिकवायची?

रबाळे_मेंटेनन्स

रबाळे एमआयडीसीतल्या युनिटमध्ये मेंटेनन्सला नवीन शिकाऊ बॅच येतेय, डिप्लोमा आणि आयटीआय अशी दोन्हीकडची मुलं. कागदावर ही मुलं पक्की असतात. तीन फेजच्या पॉवरचं सूत्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. पण पंप ट्रिप झाला की पहिला हात रिसेटच्या बटणावर. पुन्हा ट्रिप, पुन्हा रिसेट. तिसऱ्या वेळी वाइंडिंगचा वास येतो.

जुने वायरमन म्हणतात, अक्कल शिकवून येत नाही, ती अंगातच असावी लागते. मला हे पटत नाही. प्रश्न असा: ही कामाची अक्कल म्हणजे नेमकं काय? तिचे तुकडे पाडून शिकवता येतात का? मोटर, पंप आणि पॅनल एवढ्यापुरतं सांगितलंत तरी पुष्कळ.

तीन_फेज

येते शिकवता. जुने लोक जिला अक्कल म्हणतात ती बहुतेक वेळा तपासायचा क्रम असतो. तो त्यांच्या हातात बसलेला असतो, पण तोंडाने कुणी सांगितलेला नसतो, म्हणून जादू वाटते.

ट्रिपचंच घ्या. ओव्हरलोड रिले (करंट ठरल्यापेक्षा वाढला की मोटर बंद करणारा) पडला म्हणजे त्याने काहीतरी पाहिलंय. रिसेटआधी तीन गोष्टी: शाफ्ट हाताने मोकळा फिरतो का (मेन स्विच बंद आणि लॉक करूनच), तिन्ही फ्यूज शाबूत आहेत का, आणि रिले किती अँपिअरवर लावलाय. त्यानंतर एकदाच रिसेट, आणि मोटर चालू होताना टाँग टेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) फेजवर लावलेला हवा. तिन्ही आकडे लिहून काढायचे.

५ एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण ७ ते ७.५ अँपिअर घेते. ७.१, ७.३, ७.० दिसलं तर विजेची बाजू ठीक, लोडकडे बघा. दोन फेजवर १२-१३ आणि तिसऱ्यावर जवळपास शून्य, तर एक फेज गेलीय. उरलेल्या दोघींवर भार १.७३ पट चढतो, तो इथे दिसतो. आणि ६.२, ७.९, ७.१ असं वाकडंतिकडं आलं तर खरी कसोटी. मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही वायर एकेक घर पुढे सरकवायच्या, म्हणजे फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्तीचा करंट त्याच सप्लाय फेजवर राहिला तर दोष सप्लायचा. वायरीबरोबर सरकला तर दोष मोटरचा. मोटर रिवाइंडिंगला पाठवायच्या आधी एवढं केलं तर निम्मा वाद संपतो.

पुस्तक कुठे फसवतं त्याचा एक नमुना. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत उचलून मग डेल्टात टाकणारा), १० एचपी, नेमप्लेटवर १४ अँपिअर. मुलगा प्रामाणिकपणे रिले १४ वर लावतो. पण बऱ्याच स्टार्टरमध्ये रिले मेन कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या) खाली, डेल्टाच्या आत बसवलेला असतो. तिथून लाइन करंटच्या ५८ टक्केच करंट जातो, म्हणजे सेटिंग ८ च्या आसपास हवं. १४ ठेवलं तर लाइनमध्ये २४ अँपिअर जाईपर्यंत रिलेला पत्ताच लागत नाही. गंमत म्हणजे वर्गमूळ तीनचं हे नातं त्या मुलाने परीक्षेत सोडवलेलं असतं. समोरच्या पेटीत तेच दडलंय हे त्याला दिसत नाही, कारण रिले कुठे बसलाय हे पाहायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

अजून एक. व्होल्टेज मोटर चालू असताना मोजा. जळका कॉन्टॅक्ट मोटर बंद असताना मीटरवर पूर्ण ४१५ दाखवतो. लोड आला की तिथेच व्होल्टेज पडतं. चालू मोटरवर कॉन्टॅक्टरच्या एकाच पोलच्या वरच्या आणि खालच्या टोकात मोजलं तर निरोगी पोलवर काही मिलिव्होल्ट दिसतात, खराब पोलवर व्होल्ट-दीड व्होल्ट. आपल्याकडे खाडीची खारट हवा आणि केमिकल कंपन्यांचा शेजार, त्यामुळे तांब्याच्या लगवर (वायरीच्या टोकाच्या जोडावर) हिरवट किंवा काळा थर दिसला की आधी तिथेच बघा. हे चालू पॅनलवरचं मोजमाप आहे, शिकाऊने एकट्याने करायचं नाही.

फूटव्हॉल्व्ह

पंपाच्या बाजूने भर घालतो. सेंट्रिफ्यूगल पंपात 'साधी अक्कल' बरोब्बर उलट सांगते, म्हणून इथे पुस्तक उघडावंच लागतं.

सगळ्यांना वाटतं, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद केला तर पंपावर जोर येतो आणि अँपिअर वाढतो. प्रत्यक्षात घटतो, कारण पाणीच पुढे जात नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि हेड (पाणी चढवायची उंची) कमी असलं तर पंप जास्त पाणी फेकतो आणि करंट चढतो. (बंद व्हॉल्व्हवर मिनिटभरापेक्षा जास्त चालवू मात्र नका, आतलं पाणी तापतं.) यातून निदान असं निघतं: टाकीत पाणी येत नाही आणि अँपिअर नेहमीपेक्षा जास्त, तर लाइन कुठेतरी फुटलीय, ती शोधा. टाकीत पाणी येत नाही आणि अँपिअर कमी, तर सक्शनला (पाणी ओढणाऱ्या बाजूला) हवा शिरतेय किंवा फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाची एकतर्फी झडप) धरत नाहीये. पंप खोलायची गरज दोन्हीत नाही.

सक्शनचं तर पाठ करून घ्या. पुस्तकात वातावरणाचा दाब १०.३ मीटर पाण्याइतका. म्हणून मुलं ९ मीटर खोल टाकीवर वर पंप बसवायला निघतात. घर्षण, वाफ आणि पंपाची स्वतःची गरज वजा जाता हाती ६-७ मीटर राहतात, तेही सगळे जोड घट्ट असतील तर.

उलटं फिरणं हा सगळ्यात फसवा दोष. बाहेर केबलचं काम झालं, दोन फेज अदलाबदल झाल्या, तरी पंप पाणी देतो! पण दाब पडलेला. मग इंपेलर झिजला म्हणून कोटेशन मागवतात. आधी केसिंगवरचा बाण बघा आणि मोटर बंद होताना पंखा कुठल्या दिशेने थांबतो ते बघा. कोणत्याही दोन फेज बदलल्या की काम झालं.

आणि ग्लँड, म्हणजे शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथली पाणी अडवायची जागा. डोरी (पॅकिंगची दोरी) भरलेल्या ग्लँडमधून मिनिटाला ४० ते ६० थेंब पडायलाच हवेत, ते पाणी शाफ्टला थंड ठेवतं. नवीन मुलाला ती गळती वाटते, तो नट आवळून कोरडं करतो आणि शाबासकीची वाट बघतो. आठवड्यात स्लीव्हवर चर पडतात, मग कितीही डोरी भरा, पाणी धो-धो. मेकॅनिकल सील असेल तर उलट, तिथे थेंबही नको. दोन्हीतला फरक पहिल्याच दिवशी हात लावून दाखवा.

निदेशिका_ठाणे

दोघांचंही पटलं. शिकवण्याच्या बाजूने थोडं लिहिते, कारण 'अमक्याला अक्कल आहे, तमक्याला नाही' ही मांडणीच मुळात चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅरहर आणि अनालूसिया श्लीमन हे संशोधक. मुलं पाचच होती, वय ९ ते १५. संशोधक आधी गिऱ्हाईक म्हणून गेले आणि हिशोब विचारले: ९८ टक्के उत्तरं बरोबर. तेच आकडे नंतर शाब्दिक उदाहरणांत दिले तर ७४ टक्के, आणि नुसती बेरीज-गुणाकाराची गणितं म्हणून दिली तर ३७ टक्के. त्यातला बारा वर्षांचा नारळ विकणारा मुलगा बघा. ३५ चा एक, असे चार नारळ: तिघांचे १०५, त्यात ३० घातले १३५, वर ५, झाले १४०. कागदावर ३५ गुणिले ४ दिलं तर त्याने उत्तर लिहिलं २००. हातचा २ त्याने आधीच तीनमध्ये मिळवला आणि मग चाराने गुणलं. गाड्यावर असं उत्तर त्याच्या तोंडून निघणंच शक्य नाही, कारण तिथे नारळ समोर असतो आणि ३५ चे चार २०० होत नाहीत हे डोळ्यांना दिसतं.

तुमच्या डिप्लोमाच्या मुलांचं दुसऱ्या टोकाने तेच झालंय. त्यांचं ज्ञान कागदाला चिकटलेलं आहे. ते मशीनला चिकटवायचं काम तुमचं, आणि त्याला एक साधी सवय पुरते: मीटर लावण्याआधी आकडा बोलून घ्या. प्रत्येक वेळी. 'ही मोटर किती घेईल?' मुलाने वहीत अंदाज लिहायचा, शेजारी मोजलेला आकडा, तिसऱ्या रकान्यात फरक का पडला ते एका ओळीत. फरक २० टक्क्यांच्या वर गेला तर कारण सापडेपर्यंत पुढचं काम नाही. सुरुवातीला अंदाज कुठल्याकुठे जातात, जाऊ द्या. चुकलेल्या अंदाजावर कुणी हसू नये एवढं बघा, नाहीतर मुलं आधी मोजतात आणि मग अंदाज लिहितात.

वायरमनकाकांनाही कामाला लावा. काम करताना ते कुठे थांबतात, कशाकडे बघतात, हे त्यांनी मोठ्याने बोलायचं. 'बघ आणि शीक' यात मुलगा हात बघतो. काकांची नजर कुठे होती ते त्याला कळत नाही.

घोडबंदर_सेफ्टी

चर्चा चांगली चाललीय, पण एका बाबतीत मला जोरात विरोध नोंदवायचा आहे. काही ठिकाणी व्यवहारी अक्कल माणसं मारते. तिथे पुस्तकच चालवायचं, अक्षरन् अक्षर.

एसटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाची) टाकी, सेप्टिक टाकी, ड्रेनेजचं चेंबर, बंद पडलेली भूमिगत पाण्याची टाकी. घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंत शेकडो सोसायट्यांत यातलं काहीतरी आहेच. इथे अक्कल काय सांगते? 'वास येत नाही, म्हणजे गॅस नाही.' हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला नव्हे, वाढला असू शकतो. दुसरं: 'आताच वरून गॅस मीटर सोडून बघितलं, ठीक होतं.' हा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी बसतो, आणि गाळ ढवळला की अडकलेला एकदम बाहेर पडतो. म्हणून वर, मध्ये आणि तळाशी असं तीन पातळ्यांवर मोजायचं, आणि माणूस आत असेपर्यंत मीटर त्याच्या अंगावर चालू ठेवायचा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली, किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या वर: उतरायचं नाही, उतरला असेल तर बाहेर.

ब्लोअर लावता तेव्हा डक्टचं टोक तळाच्या जवळ न्या. ३६ घनमीटरची टाकी आणि तासाला १,००० घनमीटरचा ब्लोअर, म्हणजे सव्वादोन मिनिटांत हवा बदलली, असा हिशोब कागदावर होतो. डक्ट तोंडापाशीच लटकत असेल तर हवा वरच्या वर फिरून बाहेर येते आणि तळ जसाच्या तसा. आत ऑक्सिजनचा सिलिंडर सोडायचा विचारही नको, एका ठिणगीत भडका उडेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आतला माणूस कोसळला की वरचा धावत उतरतो. माणुसकी तेच सांगते, आणि अशा अपघातांत वाचवायला उतरलेलेच मोठ्या संख्येने जातात. म्हणून तिपाई, विंच आणि हार्नेस आधीच जोडलेला हवा, म्हणजे वरच्याला न उतरता ओढून काढता येईल. हे नसेल तर काम सुरूच करायचं नाही. गटार आणि सेप्टिक टाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

शिकाऊंना हा भाग 'विचार करा' म्हणून शिकवू नका. पाठ करून घ्या.

फूटव्हॉल्व्ह

+१. याच्याशी वाद नाही.

पावसाळ्यापुरतं एक राहिलं. बेसमेंटच्या सम्प पंपाचा (खड्ड्यात साठलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा) हिशोब मुलं बरोबर करतात: १,००० चौरस मीटर आवार, तासाला ५० मिलिमीटर पाऊस, म्हणजे तासाला ५०,००० लिटर. पण ते पाणी फेकणार कुठे? भरतीला नाल्याचं तोंड बुडालेलं असेल तर पंप तेच पाणी गोल फिरवतो. वाशी-बेलापूरला सिडकोने धारण तलाव केले ते यासाठीच. भरतीला झडपा मिटतात, पाऊस तलावात साठतो, ओहोटीला खाडीत जातो. डिलिव्हरीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारा) हवाच, आणि जून ते सप्टेंबर भरतीचं वेळापत्रक पॅनलच्या दाराला चिकटवा.

रबाळे_मेंटेनन्स

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंची तीन रकान्यांची वही पहिल्या दिवसापासून सुरू करतो. तीन_फेज, सरावासाठी फॉल्टचा बोर्ड बनवायचा तर त्यात कोणते दोष ठेवू?

तीन_फेज

कंट्रोल सर्किट २४ व्होल्टवर बनवा, मोटरच्या जागी तीन दिवे. हे दोष ठेवा:

होल्डिंग कॉन्टॅक्टची (बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टर धरून ठेवणाऱ्या) वायर काढलेली: बटण दाबलं तोवर दिवे लागतात, सोडलं की बंद. हा सगळ्यांना पहिल्यांदा द्या, पटकन सापडतो आणि भीड चेपते.

रिलेच्या ९५-९६ नंबरच्या टर्मिनलची (रिले पडला की तुटणाऱ्या कॉन्टॅक्टची) वायर सैल: काहीच उचलत नाही. मुलं कॉइल बदलायला धावतील, धावू द्या.

एका पोलमध्ये कागदाची चिठ्ठी: कॉन्टॅक्टर टक् करून बसतो, आवाज ऐकून सगळं ठीक वाटतं, पण एक दिवा लागत नाही.

फ्लोट स्विच उलटा जोडलेला: टाकी भरली की पंप चालू. आणि बाहेरून शाबूत दिसणारा, आतून गेलेला फ्यूज.

स्क्रू-ड्रायव्हर हातात देण्याआधी मुलाने सांगायचं की त्याला कुठे काय सापडेल आणि तिथे किती व्होल्ट दिसतील. ताईंचाच नियम.

ट्रान्सफॉर्मर मात्र दोन वेगळ्या वाइंडिंगचा, आयसोलेशनचा घ्या. स्वस्त मिळतो म्हणून ऑटो ट्रान्सफॉर्मर आणू नका. त्यात मेन लाइनशी संबंध तुटत नाही, फेज-न्यूट्रल उलटे लागले तर २४ व्होल्टच्या वायरीवरही जमिनीच्या मानाने २३० बसू शकतात, आणि मुलं त्या वायरी उघड्या हाताने धरणार आहेत.