जानेवारीत स्पेन : चार मित्र, तेरा दिवस, शहरं किती?

निवांत_नाशिककर

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे हॉस्टेलपासूनचे मित्र, आता सगळे साठीला टेकलेले. ३ जानेवारीला माद्रिदला उतरायचं, १५ ला तिथूनच परत. आमच्यातला एक जण जन्मभर प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये होता. त्याने एक्सेल केलंय : माद्रिद, टोलेडो, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, ग्रॅनडा, कोर्दोबा, सेव्हिल. रोज सकाळी ७ ला हॉटेल सोडायचं! मला तर चौकात खुर्ची टाकून बसायचंय. एकाचा गुडघा दुखतो, एक शाकाहारी आहे (अंडं चालतं). काय गाळू? आणि थंडी कितपत असते?

रमतगमत

आधी त्या ७ वाजताचं बघा. जानेवारीत माद्रिदला सूर्य उगवतो साडेआठनंतर. देश इंग्लंडच्या रेषेत आणि घड्याळ मात्र जर्मनीचं, त्यामुळे ७ ला बाहेर पडलात तर काळोखात रस्ते धुणारे कामगार तेवढे भेटतील. जेवण दोननंतर, रात्रीचं नऊच्या पुढे. आम्ही चौघी मैत्रिणी गेलो तेव्हा पहिल्या दिवशी साडेसहालाच भुकेने कासावीस होऊन हॉटेलात ठेपले खाल्ले. दुसऱ्या दिवशीपासून दुपारीच भरपेट जेवायला लागलो. कामाच्या दिवशी दुपारी 'मेनू देल दिया' मागा : दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, पंधरा युरोच्या आसपास.

शहरं तीनच ठेवा. ३ तारखेला विमानतळावरून थेट आतोचा स्टेशन आणि अडीच तासांत सेव्हिल. तिथे पाच रात्री, मग ग्रॅनडा तीन, शेवटी माद्रिद चार. कोर्दोबा सेव्हिलहून रेल्वेने पाऊण तासावर आहे, सकाळी जाऊन रात्री परत या. तिथल्या मशिदीत साडेआठशेच्या वर खांब आहेत आणि त्यांच्या मधोमध चक्क चर्च. बाकी शहर नाही पाहिलं तरी चालेल, तिथे मात्र घाई करू नका.

सेव्हिल आधी म्हणतेय ते ५ तारखेसाठी. त्या संध्याकाळी तीन राजांची (बाळ येशूला भेटी घेऊन आलेले, तेच) मिरवणूक निघते. रथांवरून गोड गोळ्यांचा पाऊस पडतो आणि शहाणी माणसं छत्र्या उलट्या धरून उभी असतात. आम्ही हातांनी झेलत बसलो, चार मिळाल्या. शेजारच्या आजोबांच्या छत्रीत किलोभर जमल्या असतील. मिरवणूक गेल्यावर रस्ता इतका चिकट झाला की बूट उचलताना चट् चट् वाजत होते. ६ ला सुट्टी, दुकानं बंद. त्या दिवशी 'रोस्कोन' नावाचा कड्यासारखा गोड पाव खातात. आत एक छोटी मूर्ती आणि एक वालाचा मोठा दाणा लपवलेला असतो. मूर्ती मिळेल तो राजा, दाणा मिळेल त्याने पैसे द्यायचे. आमच्यात दाणा नेमका अशा मैत्रिणीला आला जी चहाचे पैसेही चारात भागते. तिने तो गिळायचा प्रयत्न केला होता, हे नंतर कबूल केलं.

रस्तोरस्ती संत्र्यांनी लगडलेली झाडं दिसतील. तोडू नका, तोंड कडू होईल (अनुभव!). पण त्याला तिथे 'नारांखा' म्हणतात. आपलं नारिंगच ते, फारसी-अरबीमार्गे तिकडे पोचलेलं.

गुडघ्यासाठी : सेव्हिलच्या हिराल्दा मनोऱ्यात पायऱ्या जवळजवळ नाहीतच, उतार आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून, असं सांगतात. आमची गुडघेवाली खिडकी आली की टेकत टेकत वर पोचली. उतरताना मात्र कुरकुरली.

थंडी सेव्हिलला दुपारी पुण्याच्या हिवाळ्यातल्या सकाळसारखी, ग्रॅनडा-माद्रिदला रात्री शून्याजवळ. पण खरी थंडी घरात! दक्षिणेतली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशी बर्फ. ग्रॅनडात आमच्या मालकीणबाईंकडे गोल टेबलावर जमिनीपर्यंत जाड कापड होतं आणि खाली हीटर. पाय आत घालून आम्ही दोन संध्याकाळी तिथेच पत्ते कुटले. लोकरी मोजे न्याच.

ग्रॅनडातल्या अल्हाम्ब्रा या जुन्या किल्ला-महालाचं तिकीट आजच बघा. ते नावानिशी असतं, महालात शिरायची वेळ ठरलेली असते आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. माझा खोलीवर राहिला. चढ उतरून, पुन्हा चढून वेळेच्या तीन मिनिटं आधी पोचले. मैत्रिणी अजून त्यावरून टोमणे मारतात.

शाकाहारी मित्राला 'मांस नको' एवढंच म्हणायला शिकवू नका. हॅमला (डुकराच्या खारवलेल्या मांसाला) तिथे मांसात धरतच नाहीत, 'सिन हामोन' म्हणजे 'हॅम नको' असं वेगळं सांगायचं. सालमोरेखो या गार टोमॅटो सारावरही हॅमचे तुकडे भुरभुरतात. सेव्हिलला पालक-छोले मिळतात, जिरं घातलेले. आणि तळलेल्या वांग्यांवर उसाचा पाक ओततात. चाखला तर हुबेहूब काकवी! आम्ही तीन प्लेट संपवल्या.

बर्लिनकर_बाळू

बार्सिलोना अजिबात नको? तिथल्या सग्रादा फामिलिया चर्चमध्ये हिवाळ्यातल्या दुपारी पश्चिमेच्या काचांमधून ऊन येतं, तेव्हा खांब केशरी-लाल होतात. त्यासाठी दोन रात्री काढाच.

रमतगमत

बाळूशेठ, मुद्दा मान्य. मग त्यांनी परतीचं तिकीट बार्सिलोनाहून काढावं आणि माद्रिदच्या दोन रात्री तिकडे द्याव्यात. माद्रिदला प्रादो हे चित्रांचं संग्रहालय संध्याकाळी ६ ते ८ फुकट असतं (रविवारी ५ ते ७). दोन संध्याकाळी पुरतात, दमलेल्या पायांना तेवढंच झेपतं.

निवांत_नाशिककर

परतीचं तिकीट आधीच काढलंय, त्यामुळे बार्सिलोना पुढच्या जन्मी. एक्सेलवाल्याला हे सगळं वाचून दाखवलं. ७ चे ९ करायला तयार झालाय, टोलेडोवर अजून अडून बसलाय. एकच शंका : छत्री फोल्डिंगची चालेल की लांब दांड्याची हवी?

रमतगमत

लांब दांड्याची. आणि आजोबांच्या शेजारी उभे राहू नका.