नागपूर स्टेशनला मेट्रो कुठे आहे? अर्जंट मदत हवी

वैदेही_नाशिक
नागपूरला उतरलोय, मी आणि आई. पुढची गाडी रात्री, तोवर अख्खा दिवस मोकळा. आईला दीक्षाभूमी बघायची आहे, जमलं तर झिरो माइल आणि अजब बंगला, म्हणजे इथलं म्युझियम. मॅपवर मेट्रो स्टेशन इथेच दाखवतंय पण बाहेर एक खांबसुद्धा दिसत नाहीये, आणि ऑटोवाला तीनशे म्हणतोय. लवकर सांगा, ऊन मरणाचं आहे.

बर्डीकर
ताई, कोणत्या बाजूला उभ्या आहात?

वैदेही_नाशिक
स्टेशनच्या बाहेर. बाजू म्हणजे?

तर्रीवाला
आधी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खा. बाकी सगळं नंतर.

जुना_सिव्हिल_लाइन्स
मागे वळून बघा. दगडी जुनी इमारत दिसते का? असेल तर तुम्ही पश्चिमेला, मेन गेटला आहात. तो दगड सावनेरचा बरं का, आणि इमारतीचं उद्घाटन १५ जानेवारी १९२५ ला झालं, सर फ्रँक स्लाय तेव्हा मध्य प्रांताचे गव्हर्नर होते.

बर्डीकर
काका, त्या उन्हात उभ्या आहेत अन् तुम्ही शताब्दी साजरी करून राहिले!
ताई, मेट्रो पूर्वेला आहे, संत्रा मार्केटच्या अंगाला. पुलावरून आठ नंबर प्लॅटफॉर्मच्या पलीकडे उतरा. अ‍ॅक्वा लाइनवर लोकमान्य नगरकडची गाडी धरायची, कॉटन मार्केट झालं की लगेच सीताबर्डी. तिथे ऑरेंज लाइन, खापरीकडची. काँग्रेस नगरनंतर रहाटे कॉलनीला उतरा, तिथून दीक्षाभूमी जवळ आहे.

वैदेही_नाशिक
आईचे गुडघे दुखतात, पूल चढणार नाही ती.

मीटरने_चला
हे आधी सांगायचं ना बाप्पा. दीक्षाभूमी चार-पाच किलोमीटर, त्यासाठी दोन मेट्रो कायले बदलायच्या? गेटच्या तोंडावर ऑटो करू नका, थोडं पुढे रस्त्यावर या नाहीतर मोबाइलवरून बोलवा, भाव आपोआप उतरतो. झिरो माइल ह्याच बाजूला आहे, विधान भवनाजवळ, जाता जाता थांबवा. चार घोडे अन् खांब, दहा मिनिटांचं काम.

बर्डीकर
मेट्रो एसी आहे, ऑटोत आईला लू लागेल त्याचं काय?

मीटरने_चला
पूल चढता चढताच लागेल.

सह्याद्रीचा_पाहुणा
झिरो माइल म्हणजे भारताचा मध्यबिंदू ना? फोटो टाका.

जुना_सिव्हिल_लाइन्स
नाही हो. तो इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, गावोगावची अंतरं मोजायचा दगड. हैदराबाद ३१८ मैल वगैरे कोरलंय त्यावर. मध्यबिंदू म्हणून सगळे सेल्फी काढतात, काढोत बापडे. अजब बंगल्याचं मात्र आज विसरा, सोमवारी बंद असतो.

संत्रानगरी
सामानाचं काय केलं?

वैदेही_नाशिक
क्लोकरूमला ठेवलं. कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत म्हणे, म्हणून बाहेरून दोन कुलपं आणली. आईच्या कापडी पिशवीला कुलूप लावू कुठे? त्यात दशम्यांचा डबा. ती हातातच घेऊन फिरतोय. आणि संत्री कुठे मिळतील?

संत्रानगरी
मे महिन्यात संत्री? आंबिया बहाराची फळं नोव्हेंबर-डिसेंबरला येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चला. आता संत्रा बर्फी घ्या. रात्रीची गाडी कुठली?

वैदेही_नाशिक
गोंदियाकडची. तिकीट काढून ठेवलंय, त्याची काळजी नाही.

संत्रानगरी
तिकिटावर कुठून लिहिलंय ते वाचा.

तर्रीवाला
पोहे खाल्ले का?

वैदेही_नाशिक
नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी असं लिहिलंय. ते ह्याच स्टेशनचं नाव आहे ना?

संत्रानगरी
नाही ताई! इतवारी वेगळं स्टेशन आहे, शहराच्या पूर्वेला. तुमचं सामान इथे अन् गाडी तिथे.

बर्डीकर
म्हणून मी आधीच विचारलं होतं कोणती बाजू.

मीटरने_चला
तू मेट्रो विकून राहिला होता बे.
ताई, घाबरू नका. दीक्षाभूमी करा, संध्याकाळी परत येऊन सामान घ्या आणि इथूनच इतवारी स्टेशनला ऑटो करा. ऑटोवाल्याला "इतवारी स्टेशन" असं पूर्ण सांगा, नुसतं इतवारी म्हटलं तर सराफा बाजारात नेऊन सोडेल. गर्दीच्या वेळेला निघणार, तास-दीड तास हाताशी ठेवा.

सह्याद्रीचा_पाहुणा
मी ताडोबाला जाणार आहे, मोहर्ली गेटला नागपूरहून बस असते का?

बर्डीकर
वेगळा धागा काढा.

वैदेही_नाशिक
दीक्षाभूमीला आहोत. स्तूपाच्या आत इतकं गार आणि शांत आहे की आई उठायला तयार नाही. डबा इथल्या झाडाखाली उघडला. ऑटो दीडशेत मिळाला, रस्त्यावर येऊन. पाचला परत निघतो.

तर्रीवाला
म्हणजे पोहे राहिलेच.