मुलाच्या रिपोर्टमध्ये सीईपी२९० आलंय, क्रिस्परने होईल का बरं?

मिरजेची आई:
मुलगा ५ वर्षांचा आहे, जन्मापासून नजर ठरत नाही, सारखा बोटं घालून डोळे दाबत बसतो. एलसीए (जन्मापासून नजर अगदी कमी असण्याचा आनुवंशिक आजार) निदान झालंय आणि जेनेटिक टेस्टमध्ये सीईपी२९० या जीनमध्ये बिघाड आलाय. दिरांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला की अमेरिकेत क्रिस्परने, म्हणजे जीन कापून दुरुस्त करायच्या तंत्राने, हाच आजार बरा केला. खरंय का? जमीन विकावी लागली तरी विकू. माझं लग्न मामेभावाशी झालंय, त्यावरून घरात रोज मलाच ऐकावं लागतं.

बायोटेकवाला:
ताई व्हिडिओ खोटा नाही पण अर्धवट आहे. २०२० मध्ये पोर्टलंडला पहिल्यांदा पेशंटच्या डोळ्याच्या पडद्याखाली क्रिस्पर सोडलं. पुढे एकूण १४ जणांना एकेका डोळ्यात दिलं, त्यात २ मुलं, आणि ११ जणांना कुठल्या ना कुठल्या चाचणीत फरक दिसला, पण सगळं लख्ख दिसायला लागलं असं नाही. २०२२ मध्ये कंपनीने नवीन पेशंट घेणंच थांबवलं. आणि मुख्य म्हणजे ते सीईपी२९० च्या प्रत्येक बिघाडावर चालत नाही, फक्त एकावरच. त्यात जीनच्या मधे एक भलताच तुकडा वाचला जातो आणि प्रोटीन अर्ध्यातच तुटतं, तेवढीच जागा क्रिस्पर कापतं. तो बिघाड जास्त करून युरोपियन वंशाच्या लोकांत सापडतो. रिपोर्टात २९९१+१६५५ असा आकडा आहे का बघा, नसेल तर ते औषध तुमच्यासाठी नव्हतंच.

आरपी_सोलापूर:
आणि लक्स्टर्ना या डोळ्याच्या जीन थेरपीचं नाव कुणी घेतलं तर ते आरपीई६५ या दुसऱ्या जीनसाठी आहे, त्यात नवी कॉपी घालतात, एडिटिंग नाही. सीईपी२९० इतका मोठा की नवी कॉपी डोळ्यात पोचवणाऱ्या व्हायरसमध्ये मावतच नाही, म्हणून तर कापायचा मार्ग काढला. जमीन विकू नका प्लीज. खऱ्या ट्रायलमध्ये औषधाचे पैसे मागत नाहीत, कुणी स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागितले तर सरळ उठून या, माझ्या वडिलांनी भरलेत आणि हाती काही लागलं नाही.

स्वराची आई:
ताई, किडनी तपासून घ्या, या जीनमध्ये काही मुलांना तिथे पण त्रास होतो, आम्हाला हे फार उशिरा कळलं. आणि दोष तुमचा एकटीचा नाही हो, आईकडून एक आणि बाबांकडून एक अशा दोन्ही कॉप्या बिघडलेल्या असतील तरच होतं हे. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर प्रत्येक वेळी २५ टक्के शक्यता असते, आधी काउन्सेलरला भेटा.

मिरजेची आई:
आत्ताच रिपोर्ट काढून बघितला, २९९१ नाहीये, दुसराच आकडा आहे, दोन्ही कॉप्यांत तोच. खूप रडले. किडनीसाठी सोमवारी जातोय. स्वराची आई, तुमच्या लेकीला ब्रेल कितव्या वर्षी सुरू केलं?